ठराव क्रमांक सहा

१२ सप्टेंबर १९७८
लातूरचा तेलाचा भाव आज पुन्हा उतरला. मॅनेजरनं फोन ठेवला आणि माझ्याकडंच बघितलं, जणू मीच भाव पाडला. गोदामात करडीच्या तेलाचे डबे छताला टेकायला आलेत. मागच्या आठवड्यात दोन ट्रक उमरग्याला गेले, त्यातला एक भरलेला तसाच परत. व्यापारी म्हणतो, रेशनवर परदेशी पामतेल मिळतंय, तुमची करडी कोण घेतो?
घरी आलो तर कमल कढईत तेच पामतेल ओतत होती. म्हटलं, अगं, तेल गिरणीच्या टाइमकीपरच्या घरात हे? तर म्हणते, "गिरणीचं तेल परवडतंय का तुमच्या पगारात?" भजी मात्र झकास झाली होती. चार जास्तच खाल्ली. लाज वाटली ती खाऊन झाल्यावर.

१५ सप्टें.
वार्षिक सभा चोवीसला, रविवारी. मॅनेजरनं विचारलं, यंदा लाभांशाच्या ठरावाला अनुमोदक कोण? दरवर्षी एक कामगार उभा करतात. ठराव मांडणार चेअरमनसाहेबांचा कुणीतरी पाहुणा, अनुमोदन द्यायचं कामगारानं. म्हणजे गिरणी गोरगरिबांची आहे असं दिसतं. तसे कामगारही सभासद आहेतच. बहात्तरच्या दुष्काळानंतर गिरणी उभी राहिली तेव्हा पहिल्या पगारांतून कापून प्रत्येकाच्या नावे एकेक शेअर केला होता. अनुमोदकाला व्यासपीठावर नारळ आणि टोपी मिळते. गडी मग वर्षभर तीच टोपी घालून हिंडतो, लग्नाला, बाजाराला, सगळीकडं.
मी लगेच सोपानकाकांचं नाव सांगितलं. मोठ्या एक्सपेलरवर, म्हणजे दाणा दाबून तेल काढायच्या मशीनवर, काम करतात. दाणा ओला आहे का वाळलेला, ते नुसत्या मशीनच्या आवाजावरून सांगतात. मी नवा लागलो तेव्हा बाकीचे माझ्या मडक्यातलं पाणी घ्यायला कां कूं करायचे. काकांनी पहिल्याच दुपारी माझ्या डब्यातली भाकरी मोडून घेतली आणि खात बसले. काही भाषण वगैरे नाही. त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून मी त्यांना काका म्हणतो.
सांगितलं तर घाबरले. "म्या बोलू? एवढ्या मानसांत?"
"दोनच शब्द काका. माझं अनुमोदन."
दिवसभर मशीनपाशी पुटपुटत होते. मला लई बरं वाटलं.

२१ सप्टें.
ठरावांची स्वच्छ प्रत करायला मॅनेजरनं माझ्याकडं दिली. वाघमारेचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून. शाळेत ह्या अक्षराचं कौतुक झालं होतं, त्याची फळं आता खातोय.
ठराव क्र. ६. पहिलं वाक्य: सभासदांना बारा टक्के लाभांश. मागच्या साली, भाव चढा असताना, नऊ होता! दुसरं वाक्य जसंच्या तसं: "तेलाचे दर घसरल्याने संस्थेची स्थिती सावरण्यासाठी आवश्यक ती नोकरकपात करण्याचे अधिकार मा. संचालक मंडळास देण्यात येत आहेत."
मॅनेजरला विचारलं, दोन्ही एकाच ठरावात कशी?
"सोयीचं पडतं."
भाव पडल्यावर लाभांश वाढतो कसा, साहेब?
"पुढं निवडणूक आहे, वाघमारे. जास्तीचे शेअर कुणाचे ते तुला ठाऊक आहे."
ठाऊक आहे. चेअरमनसाहेब (इथून पुढं चे.सा., शाई वाचते), त्यांचे दोघे भाऊ, मेहुणा, आणि मतं फिरवणारे चार-पाच बागायतदार. ह्यांना खूश करायला पैसा लागतो, तो गोदामात अडकलाय, तर मग पगारातून काढायचा. एवढा सोपा हिशोब आहे. वर मॅनेजर म्हणाला, "हे सभेच्या आधी बाहेर गेलं तर तुझ्याकडूनच गेलं असं मी धरीन."
खाली लिहिलं, अनुमोदक: श्री. सोपान... माझ्याच हातानं.

२२ सप्टें.
काकांना सांगायचं ठरवून गेलो. त्यांनी सभेसाठी लेकीला सासरहून बोलावून घेतलंय. धोतर धुऊन दोरीवर. मला बघून म्हणाले, "परल्हाद, तुज्यामुळं रं. माज्या बापाचं नाव बी कुन्या कागदावर न्हवतं."
तोंड उघडलं आणि चहा प्यायलो.
कारण लिहून ठेवतो, म्हणजे नंतर स्वतःला काही भलतं सांगता येणार नाही. नोकरकपात होणार तर टाइमकीपरही कापता येतो. भ्यालो. दुसरं काहीही नाही.

२४ सप्टें. रविवार
सभा झाली.
गिरणीच्या आवारात मांडव. पुढं खुर्च्या, मग सतरंज्या, अगदी मागं आचाऱ्याच्या चुलीशेजारी बायका. दाणा चाळणाऱ्या बायकाही सभासदच, पण त्यांना पत्रावळ्या पुसायला बसवलेलं. बुंदीचा वास सगळीकडं.
आमच्या सभेची एक रीत आहे. मॅनेजर ठराव वाचायला लागला की वाक्य संपायच्या आत लोक "मंजूर!" म्हणून ओरडतात. जो आधी ओरडेल तो शहाणा. पाहुण्यांना वाटावं काय एकी आहे. पाच ठराव असेच गेले, कुणी एकही पुरता ऐकला नाही. सहावा जेवणाआधीचा शेवटचा. "बारा टक्के" म्हटल्याबरोबर मांडव दणाणला. टाळ्या, शिट्ट्या, मंजूर मंजूर. मॅनेजर थांबला नाही. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही, दुसरं वाक्य तसंच वाचत राहिला. मी टेबलाला चिकटून बसलेलो, मला शब्द न् शब्द ऐकू आला. माइकपाशी काका उभे, हात जोडून. मॅनेजरनं मान हलवली.
"माजं अनुमोदन हाय!"
पुन्हा मंजूर मंजूर. मीही ओरडलो. सवयीनं ओरडलो का भीतीनं, कळत नाही.
नारळ दिला. चे.सा.नी स्वतः टोपी घातली. काकांनी लेकीकडं बघितलं.
मी जेवलो नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

४ ऑक्टोबर
मॅनेजर: "बारा जणांची यादी कर. तुला माणसं माहीत आहेत."
म्हटलं, मला जमायचं नाही.
"मग तुझ्या जागी जो येईल त्याला जमेल."
केली. हजेरीवरून केली, ज्यांचे खाडे जास्त त्यांची नावं. निदान काहीतरी नियम. मॅनेजरनं वाचली, पाच नावं खोडली. ती चे.सा.च्या गावची, हे मलाच आधी कळायला हवं होतं. त्यांच्या जागी दुसरी पाच घातली. सगळ्यात वर सोपानकाका. मी म्हटलं, साहेब, त्यांचा वर्षात एक खाडा नाही. तर म्हणाला, "मोठा एक्सपेलर बंद ठेवायचाय. मग मोठ्या एक्सपेलरचा माणूस कशाला?"
बाकी बहुतेक चाळणीवरच्या बायका. गयाबाई आहे त्यात. नवरा नाही, दोन मुली.

९ ऑक्टो.
नोटीस मीच चिकटवली. खळ कमलनं करून दिली होती, दुसऱ्या कशासाठी म्हणून.
काकांना वाचता येत नाही. म्हणाले, "काय लिवलंय, वाच की." बारा नावं वाचली. पहिलं काकांचंच.
म्हणाले, "परत वाच."
परत वाचलं. टोपी काढून खिशात घातली आणि मशीनकडं गेले. आजपासून काम नाही, तरी गेले. संध्याकाळी पाहिलं तर एक्सपेलर पुसून लख्ख करून ठेवला होता. त्या मशीनवर आता गोणपाट पडणार.

१० ऑक्टो.
बाराही जण चे.सा.कडं गेले. मला हजेरीबुक घेऊन बोलावलं होतं, म्हणून मीही तिथं.
चे.सा. पान जमवत म्हणाले, "अरे, गिरणी तुमची, ठराव तुमचा. मी कोण? आणि अनुमोदन कुणाचं? सोपान, तुझंच की!" तिथं बसलेले दोघं-तिघं हसले. काका जमिनीकडं बघत होते.
गयाबाई मात्र बोलली. "आमी मागं पत्रावळ्या पुसत व्हतो, साहेब. आमाला काय ऐकू आलं?"
"मग मंजूर कशाला म्हणालात?"
"समदे म्हनले म्हून."
"बघा. एकमतानं मंजूर." चे.सा.नी पान तोंडात घातलं. वर म्हणतात कसे, भाव सुधारला की पहिला निरोप तुम्हाला. लोक नमस्कार करून बाहेर पडले. नमस्कार कशाला केला? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी हजेरीबुक काखेत धरून उभा होतो.

१९ ऑक्टो.
लाभांशवाटप. दिवाळीच्या आधी, म्हणजे नाव होतं. चे.सा.चा मेहुणा जीपमधून आला. सहीला तीन पानं लागली त्याला. ह्या वर्षी त्यानं गिरणीला एक पोतं दाणा दिलेला नाही, सगळा उमरग्याच्या व्यापाऱ्याला रोख विकला.
कामावरून काढलेलेही रांगेत. सभासद आहेत ना! शंभराच्या एका शेअरचे बारा रुपये.
काका माझ्यासमोर आले. "घिऊ का नको, परल्हाद?"
म्हटलं, घ्या.
अंगठा उठवला. नोटा हातात तशाच धरून उभे राहिले, मागच्यानं ढकलेपर्यंत.
गयाबाई म्हणाली, "माजे बारा रुपये ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. चाळणीवर घ्या मला." मॅनेजरनं पुढचं नाव पुकारलं.

३१ ऑक्टो.
गिरणीला सुट्टी. आमच्याकडं दिवाळी नाही, पण पोरीला फोडायच्या टिकल्या हव्या होत्या, आणून दिल्या. काकांकडं गेलो नाही.

३ नोव्हेंबर
काका आणि गयाबाई उस्मानाबादला जाऊन आले. कोर्टाबाहेरच्या अर्जनविसाकडून अर्ज लिहून उपनिबंधकाच्या कचेरीत दिला. सहकाराचा सगळा कारभार तिथं तपासतात. बारा अंगठे. अर्जात म्हटलंय: सहाव्या ठरावातला नोकरकपातीचा भाग सभेत वाचलाच नाही, सबब ठराव रद्द करून आम्हाला कामावर घ्यावे. साक्षीदार: प्रल्हाद वाघमारे, टाइमकीपर.
मला विचारलंसुद्धा नाही. काका म्हणाले, "तुला काय इचारायचं? तू आपलाच हाईस."

१४ नोव्हें.
कचेरीचं पत्र आलं. सत्तावीसला जबाबासाठी हजर राहावे.
मॅनेजरनं आत बोलावून खुर्ची दिली. पाच वर्षांत पहिल्यांदा. चहा. म्हणाला, जानेवारीत हिशेबनिसाची जागा रिकामी होतेय, तुझं नाव घ्यावं म्हणतो. मग म्हणाला, "तुला काही खोटं बोलायला मी सांगत नाही. खरं तेच सांग. ठराव वाचला होता ना मी?"
वाचला होता. हीच तर गंमत आहे. ह्या माणसाच्या तोंडून एवढ्या वर्षांत एक खरी गोष्ट निघाली, ती नेमकी ही. मी खरं बोललो तर बारा घरं बसली आणि मला बढती. खोटं बोललो तर कदाचित ती घरं उभी राहतील, मी मात्र नक्की रस्त्यावर. आजवर कुणी आम्हाला खरं बोलायचे पैसे दिले नव्हते. आता देतायत.

१८ नोव्हें.
बेंबळीच्या रस्त्यावर गयाबाई खडी फोडताना दिसली. मोठी मुलगी शेजारी. सायकलवरून उतरलो. मला वाटलं जबाबाचं काढील. नाही काढलं. विचारलं, "तुमच्या पोरीचा खोकला गेला का?" गेला म्हटलं. पुढं दोन मैल सायकल हातात धरून चालत आलो, का ते सांगता येत नाही.

२२ नोव्हें.
कमलला सगळं सांगितलं, ठराव लिहिल्यापासूनचं. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "म्हंजे तुमाला आधीच ठाव व्हतं."
हो.
"आन् नोटिसीची खळ माज्याकडून करून घेतली."
हो.
ज्वारीचं सूप पुढं ओढलं. निवडता निवडता म्हणाली, "नोकरी गेली तर म्या खुरपायला जाईन. त्याची फिकीर करू नका. पर रोज गयाबाईच्या दारावरून पान्याला जावं लागतंय मला. ते माज्यानं व्हनार न्हाय."
म्हटलं, खोटं बोलावं लागेल.
"गप बसलात तवा काय खरं बोललात?"


२६ नोव्हें.
ठरलं. सांगणार: दुसरा भाग वाचलाच नाही. साफ खोटं. पण मांडवात शेदोनशे माणसं होती आणि त्यातल्या कुणाच्याच कानावर ते वाक्य पडलं नाही, मी आणि मॅनेजर सोडून. ज्यांच्या पोटावर पाय येणार त्यांना न ऐकवता वाचलेलं, ते मी वाचलेलं धरत नाही. विचारलं तर असंच ठणकावणार. हिशेबनिसाची खुर्ची घाला चुलीत.
दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

२७ नोव्हें.
सकाळची एस.टी. काका, गयाबाई, मी. कचेरीच्या व्हरांड्यात दीडपर्यंत बसून. मग शिपाई सांगतो, साहेब दौऱ्यावर. मग सकाळी का नाही सांगितलंस बाबा? "कुनी इचारलं न्हाय." पुढची तारीख, अकरा डिसेंबर. गयाबाईनं तिघांच्या भाकरी बांधून आणल्या होत्या, त्या तिथंच पायरीवर खाल्ल्या. आज खडीवर खाडा झाला तिचा.
परतीच्या गाडीत गयाबाई पुढच्या बाकावर, दांड्याला डोकं टेकून झोपलेली. मागं काका आणि मी. काकांचा चेहरा उतरलेला, म्हणून धीर द्यावा म्हटलं. "काळजी करू नका काका. मी ठाम सांगणार, वाचलाच नाही म्हणून."
गाडी फाट्यावर थांबली, माणसं चढली-उतरली. पुन्हा सुटल्यावर काका हळूच म्हणाले,
"वाचला व्हता की."
मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.
"म्या माइकपाशीच व्हतो न्हवं? नोकरकपात म्हनला त्यो. समदं ऐकलं म्या."
मग अनुमोदन का दिलंत काका?
गयाबाईच्या पाठीकडं बघितलं त्यांनी. आवाज आणखी खाली आणला. "मला वाटलं, चाळणीवरच्या बायका काढत्याल. हिला आन् बाकीच्यांना. मोठं मशीन कोन बंद करतंय? माजं काय जातंय, म्हनलं."
अंगाचा भडका उडाला. ह्या माणसासाठी मी नोकरीवर पाणी सोडायला निघालो होतो! म्हणजे माझ्यासारखाच हाही. ऐकलं आणि गप्प बसला. तोंडावर बोलणार होतो. तेवढ्यात तेच म्हणाले,
"तू बी ऐकलं व्हतंस की रं. टेबलापाशीच व्हतास."
हो म्हटलं.
"मला सांगितलं असतंस तर म्या उभाच ऱ्हायलो नसतो."
खरंच नसते राहिले? माहीत नाही. त्यांनाही माहीत नसावं.
गाव आल्यावर गयाबाई जागी झाली. पदर सावरत मागं वळून म्हणाली, "अकराला येनार न्हवं, परल्हाददादा?"
काका खिडकीबाहेर बघत होते.
येणार, म्हटलं.
काय सांगायचं ते कालपर्यंत ठरलं होतं.